मिलिंदने मला दिलेली सूट

फोन अंजूचा होता. सकाळी कुकर लावून मी नुकता पेपर उघडला होता. अंजू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको. ती "ताई, मिलिंद..." एवढंच म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "पडला का?" मिलिंद गरम हवेचा फुगा उडवायचा. रीतसर परवाना असलेला वैमानिक होता तो. लोकांना टोपलीत घालून सकाळी सकाळी आकाशात न्यायचा आणि परत आणून सोडायचा. अंजू हुंदके देत म्हणाली, "नाही हो ताई, घरीच. आंघोळ करून आला, चहा घेतला, आणि खुर्चीतच मान टाकली." आणि मला क्षणभर हायसं वाटलं. भाऊ गेल्याची बातमी कानात आहे, आणि बहिणीला हायसं वाटतंय, कारण तो फुग्यातून पडला नाही, आता लोकांना तोंड कसं दाखवायचं ही भीती उरली नाही! त्या दिवशी जेवढे फोन आले तेवढ्यांनी आडून आडून तेच विचारलं, आणि मी प्रत्येकाला ठासून सांगत होते, "छे छे, घरीच गेला. हार्ट." जसं काही त्याच्या नावावरचा डागच पुसत होते. डाग कोणाच्या नावावर होता हे मला चांगलं माहीत होतं... पण ते पुढे येईलच.

मिलिंद माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई अंथरुणाला खिळलेली, वडिलांचं बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळे मिलिंदची वेणीफणी सोडून बाकी सगळं मीच केलं असं आमच्याकडे गमतीने म्हणायचे. त्याला अक्षरं मी शिकवली, पोहायला मी नेलं, दहावीला गणितात मार्क कमी पडले तेव्हा वडिलांच्या आधी मी बोलले. पुढे मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले, पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाले. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज स्वतः आज्ज्या होत आल्या असतील, पण मला रस्त्यात बघून अजून पदर सारखा करतात. रिबीन पांढरी नसेल तर वर्गाबाहेर. उशीर झाला तर वर्गाबाहेर. ट्रस्टींची नात असली तरी वर्गाबाहेर. "बाईंकडे सूट नाही" हे शाळेत सगळ्यांना पाठ होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता. घरात मिलिंदलाही तोच नियम. त्याने माझा शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. आता वाटतं, एकदा तरी मोडायला हवा होता.

इंजिनिअर होऊन तो खराडीच्या एका कंपनीत चिकटला. तिथेच चांगला फ्लॅट, चांगला पगार, सगळं मार्गी लागलं होतं. आणि चाळिशीला टेकताना गड्याने नोकरी सोडली आणि परदेशात जाऊन फुगा उडवायला शिकून आला. मी म्हटलं, "छान. इंजिनिअर झालास ते फुगे विकायला." तो हसला. त्याला माझ्या बोलण्याचं काही वाटायचं नाही, किंवा वाटत असलं तरी दाखवायचा नाही. "ताई, तू एकदा बस तर खरी. वर गेलं की आवाजच नसतो. खाली कुत्रं भुंकलं तरी ऐकू येतं." हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की पुढचं खोचक वाक्य माझ्या ओठावरच राहायचं. दोन मित्र मिळाले, कर्ज काढलं, फुगा आला. केशरी आणि निळा. मावळाच्या बाजूला एक मोकळं माळरान त्यांनी भाड्याने घेतलं आणि पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरला. पाहुण्यांच्या यादीत सगळ्यात वर अर्थात मी.

आता त्या सकाळचं सांगते. फुगा उडवायचा तो उजाडता उजाडता. ऊन चढलं की जमीन तापते, वारा उठतो, मग उतरणं अवघड होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मिलिंदने आदल्या आठवड्यात जेवताना मला हे सगळं ताटातल्या भाताचा डोंगर करून समजावलं होतं. तरी मी औक्षणाचं ताट घेऊन गेले. भाऊ पहिल्यांदा स्वतःचा फुगा घेऊन वर चाललाय, बहीण त्याला ओवाळणार नाही? पैठणी नेसले होते, नथ घातली होती. बाकीचे पाहुणे थंडीत हात चोळत उभे होते. मिलिंद पाटावर उभा राहिला, मी निरांजन लावलं, आणि ते विझलं. परत लावलं. परत विझलं. अंजूने पदराचा आडोसा केला, मी काडी ओढली, वात जरा धरली आणि ताट उचलताच विझली. मी इरेला पेटले. "थांब रे, ओवाळल्याशिवाय जायचं नाही." फुगा भरून तयार, दोर ताणलेले, ऊन डोंगरावरून खाली उतरून माळावर आलेलं. त्याचे मित्र घड्याळं बघत होते, पण पर्यवेक्षिकाबाईंना कोण सांगणार! मिलिंद त्या विझणाऱ्या वातीकडे बघत होता. मग त्याने मान वर करून फुग्याकडे पाहिलं, परत वातीकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "गप्प उभा राहा." तो गप्प राहिला. शेवटी कुठूनतरी कंदिलाची काच आणली, तिच्या आत निरांजन ठेवलं, आणि मी एकदाचं ओवाळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग वर जाण्याआधीची कवायत. टोपलीच्या आत दोराच्या कड्या असतात. उतरायच्या वेळी पाठ टोपलीच्या भिंतीला टेकवायची, गुडघे वाकवून खाली उकिडवं व्हायचं, दोन्ही हातांनी कड्या धरायच्या आणि वैमानिक सांगेपर्यंत हलायचं नाही. प्रत्येकाने हे जमिनीवर करून दाखवायचं, मगच वर. आम्ही सहा-सातजण होतो. सगळे हसत हसत बसले. विश्रांतवाडीहून आलेली मीनाक्षी नावाची एक बँकेत नोकरी करणारी मुलगी होती, मिलिंदच्या मित्राच्या ओळखीची, तिने तर दोनदा करून दाखवलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "हे असलं चारचौघांत उकिडवं मला नाही जमणार. पैठणी चुरगळेल. मी आपली कडी धरून उभी राहीन." लोक हसले. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. त्याला नियम माहीत होता, त्यानेच तो आत्ता सगळ्यांना बजावून सांगितला होता. मग तो म्हणाला, "बरं. ताई राहू दे." बस, एवढंच. माझ्या भावाने मला आयुष्यात एकदा सूट दिली ती ही.

वर काय होतं ते सांगत बसत नाही, सुंदर होतं. खरंच कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. पण उतरताना वारा वाढलेला होता हे मलासुद्धा कळत होतं, कारण खालची शेतं फार भराभरा सरकत होती. त्याने हेरलेल्या जागेत कांदा उभा होता, म्हणून तो पुढे गेला. पुढचं रान कापणी झालेल्या ज्वारीचं, पण मध्ये बांध. "सगळे खाली!" असं तो ओरडला. सगळे बसले. मी उभी. "ताई, खाली बस!" मी त्याला म्हटलं, "अरे, ओरडतोस काय?" ... हे उतरण्याआधीचं माझं शेवटचं वाक्य. टोपली बांधाला आपटली, उसळली, आडवी झाली आणि फरफटत निघाली. मी सगळ्या वजनानिशी मीनाक्षीवर पडले. तिचा पाय माझ्या खाली आणि टोपलीच्या काठाखाली होता. मिलिंदने लाल दोर दोन्ही हातांनी खेचून धरला होता, त्याने फुग्यातली हवा सुटते. कधीतरी ते सगळं थांबलं. मीनाक्षी ओरडत नव्हती, नुसती "आई, आई" असं बारीक आवाजात म्हणत होती. मला खरचटलं सुद्धा नव्हतं. आणि मी उठून उभी राहिले आणि काय म्हणाले माहीत आहे? "बघा, काठ फाटला." पैठणीचा. त्या मुलीच्या पायाचं हाड मोडलेलं, आणि बाईंना काठाची पडलेली! शेतातून धावत आलेली माणसं माझ्याकडे बघत राहिली. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "अवं बाई, त्या पोरीकडं बघा आधी." मला तिचा रागच आला होता.

दवाखान्यात मी मोसंबी घेऊन गेले. मीनाक्षीची आई तिथे बसली होती. मी तिला समजावलं, "वारा अचानक आला हो. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं?" मिलिंद माझ्यामागून आत आला होता. तो म्हणाला, "वारा अचानक नव्हता आला, काकू. मला खालीच कळलं होतं. उशीर झाला होता, मी निघायला नको होतं. आणि एका माणसाला मी न शिकवता वर नेलं. चूक माझी आहे." मी त्याला डोळ्यांनी दटावलं. त्याने बघितलं नाही. पुढे चौकशी झाली तेव्हाही त्याने हेच सांगितलं, अगदी निरांजनासकट. काही काळ उडणं बंद झालं. मित्र वैतागले, एक तर सोडूनच गेला. मिलिंद परत परदेशी जाऊन नवशिक्यासारखा पुन्हा शिकून आला, आणि इथे दर आठवड्याला मीनाक्षीला तिच्या व्यायामाला गाडीतून घेऊन जायचा. मी एकदाही गेले नाही. मला ते सगळं फार ताणल्यासारखं वाटायचं. चूक झाली ना, कबूल केलीस ना, मग संपव की. शाळेत मुलगी माफी मागायची आणि मी म्हणायचे, "ठीक आहे, जा वर्गात." मला वाटायचं चुकीचं एवढंच असतं.

तो परत उडायला लागला तेव्हा त्याने एक नवीन रीत सुरू केली. कवायतीच्या आधी सगळ्यांना गोल उभं करायचा आणि स्वतःच्या अपघाताची गोष्ट सांगायचा. कोणी विचारलेलं नसताना! मला याचा पत्ताच नव्हता. एका लग्नात, मठ्ठ्याच्या रांगेत, एक ओळखीचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अहो बाई, परवा तुमच्या भावाच्या फुग्यात बसलो. ती गोष्टीतली ताई म्हणजे आपणच का? निरांजनवाली?" रांगेतल्या आठ-दहा माना वळल्या. त्यात माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी. मी ग्लास तसाच ठेवला, रिक्षा केली आणि थेट खराडी गाठली. रिक्षावाला वाटेत दोनदा म्हणाला, "मावशी, पोचतो ना." मी बहुतेक स्वतःशी बोलत होते.

मिलिंद दारातच भेटला. मी चप्पल न काढता सुरुवात केली. "रोज सकाळी माझी धिंड काढतोस तू? चार पैसे देऊन आलेल्या लोकांसमोर?" तो म्हणाला, "ताई, मी माझी चूक सांगतो. तुझी नाही सांगत." "मग मला कशाला ओढतोस त्यात? सांग की, एका प्रवाशाला सूट दिली म्हणून." तो म्हणाला, "अनोळखी प्रवाशाला मी सूट दिलीच नसती गं. तीच तर चूक आहे. आपलं माणूस म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. कारण टोपलीत प्रत्येकाचं कोणी ना कोणी आपलं माणूस असतं. नवरा बायकोला म्हणतो, राहू दे, तू नको बसूस. मुलगा आईला म्हणतो." मी म्हटलं, "मला तुझं तत्त्वज्ञान नको. माझं नाव काढ." अंजू पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी. तो म्हणाला, "ठीक आहे ताई. यापुढे नाही येणार." आणि खरंच परत कधी आलं नाही. माझा शब्द त्याने पुन्हा एकदा पाळला.

त्यानंतरची वर्षं तशी गोडीत गेली, म्हणजे वरून बघणाऱ्याला. भाऊबीजेला तो यायचा. खिडक्या बंद करून मी ताट करायचे. निरांजनाची ज्योत सरळ उभी असायची, आणि ओवाळताना आम्ही दोघं तिच्याकडे बघायचं टाळायचो. तो माझ्या कपाळाकडे बघायचा, मी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे. मग लाडू, चकली, मुलांच्या चौकशा. वर्षातून एकदा तरी तो निघताना म्हणायचा, "ताई, चल ना एकदा परत. पण सगळ्यांसारखं खाली बसायचं हं." मी म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ पुण्यात कोणालाही सांगावा लागत नाही. त्याला तर नाहीच. मला एकच करायचं होतं, उकिडवं बसायचं होतं, दहा माणसांच्या देखत! घरात रोज केर काढताना बसत होतेच की. पण तिथे बसले असते तर त्याचा अर्थ झाला असता की तेव्हा मी बसायला हवं होतं. ते मला कबूल नव्हतं. पुढे माझे दोन्ही गुडघे बदलले, डॉक्टरांनी जमिनीवर बसायलाच बंदी केली, आणि मिलिंदने विचारणं सोडलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं.

तो गेल्यावर दहाव्याला घरी माणसं आली होती. मी हॉलमध्ये भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. मीनाक्षी आली. मी तिला इतक्या वर्षांत पाहिलेलं नव्हतं, केस पांढरे झाले होते, पण चालण्यावरून ओळखलं. डावा पाय ती जरासा ओढते. अंजूच्या गळ्यात पडून ती पुष्कळ रडली, भाऊ गेल्यासारखी रडली. मग माझ्याशेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून तिथे येऊन बसली. आता पळायला जागा नव्हती. मी विचारलं, "पाय कसा आहे?" ती म्हणाली, "थंडीत दुखतो. बाकी बरा." आणि मग, आवाज जरासुद्धा न चढवता, "बरं झालं विचारलंत. दादा म्हणायचे, ताई विचारेल कधीतरी." ... तो माझ्या वतीने तिला आश्वासन देत होता, इतकी वर्षं. मला तिथे बसवेना. उठून आत गेले तर आत त्याचे शर्ट अजून दोरीवर तसेच होते, म्हणून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तिथे लाजेने मला रडूही येईना.

मागच्या आठवड्यात ऋतुजाचा फोन आला. ऋतुजा ही तो परत उडायला लागला तेव्हापासून मिलिंदच्या हाताखाली तयार झालेली वैमानिक, चाळिशीतली, चुणचुणीत. तो गेल्यापासून फुगा तिने उडवलाच नव्हता. ती म्हणाली, "ताई, रविवारी पहिलं उड्डाण ठेवलंय. तुम्ही याल?" मी हो म्हटलं. अंजू म्हणाली, मला नाही बघवणार, तुम्ही जा. ऋतुजाने गाडी पाठवली. वाटेत आळंदीकडे जाणारे लोक, दूधवाले, शटर उघडणारे चहावाले, सगळं पुणं आपापल्या कामाला लागत होतं. मला राहून राहून वाटत होतं की मिलिंद या रस्त्याने हजारदा गेला असेल, आणि दर वेळी मनात ती गोष्ट घोळवत गेला असेल, ताईला वगळून.

माळावर ऋतुजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक सांगू ताई? सर पूर्वी 'माझी ताई' म्हणायचे ना, तेव्हा लोक चिडीचूप ऐकायचे. मग ते 'एक ज्येष्ठ प्रवासी' म्हणायला लागले. त्या दिवसापासून लोक गोष्ट चालू असतानाच फोन काढून फोटो घ्यायला लागले. सर एवढे चिडायचे स्वतःवर. दोन-दोन, तीन-तीनदा कवायत करून घ्यायचे. मी विचारलं, परत पहिल्यासारखं का नाही सांगत? तर म्हणाले, शब्द दिलाय." तिला काही ठाऊक नव्हतं की शब्द कोणाला दिलाय. का ठाऊक होतं? कोण जाणे. मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही.

फुगा भरला. नवा आहे, लाल आणि पांढरा. प्रवासी आठजण होते. ऋतुजाने त्यांना गोल उभं केलं आणि गोष्ट सांगितली, एक ज्येष्ठ प्रवासी, वारा, बांध, टोपली. खरंच दोघंजण फोन वर करून फुग्याचे फोटो काढत होते. एक काठीवाले काका होते, त्यांची सूनबाई हळूच म्हणाली, "तुम्ही नका बसू हं बाबा, आम्ही सांगू त्यांना." मग ऋतुजा माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरलेले होते. "ताई, आज तुम्ही चला. सरांची फार इच्छा होती. तुम्हाला खाली बसायला नको, तुमच्या गुडघ्यांचं मला माहितीये. वारा अजिबात नाही. मी अगदी अलगद उतरवीन, तुम्ही नुसत्या कडी धरून उभ्या राहा."

आणि मी निघाले हो! काय सांगू तुम्हाला, मी निघाले. टोपलीला चढायला भोकं असतात, त्यातल्या पहिल्यात माझा पाय गेलासुद्धा, दोन्ही हात काठावर. मनात एवढंच की भावाची इच्छा पुरी होतेय. सत्तरी उलटली, भाऊ गेला, त्या पोरीचं चालणं डोळ्यांनी बघून आले, तरी कोणी "ताई राहू दे" म्हटल्याबरोबर मला ते परत माझ्या हक्काचंच वाटलं. पाय त्या भोकात असताना मला स्वतःची शिसारी आली. मी पाय काढून घेतला. ऋतुजा घाबरली, तिला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, "मला नेऊ नकोस. मला बसता येत नाही. ज्याला बसता येत नाही त्याला न्यायचं नाही. सरांच्या बहिणीला तर नाहीच नाही."

मग मी त्या लोकांकडे तोंड केलं. चाळीस वर्षं वर्गासमोर बोललेली बाई मी, तरी पहिलं वाक्य नीट आलंच नाही. मग आलं. "ही आता ज्या ज्येष्ठ प्रवाशाचं सांगत होती ना, तो कोणी ज्येष्ठ प्रवासी नव्हता. ती मी. मिलिंद माझा भाऊ. मी त्याला बोलू दिलं नाही आणि मी खाली बसले नाही. आणि एका मुलीचा पाय जन्माचा अधू झाला, आणि त्याने मरेपर्यंत त्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं." पुढचं सगळं सांगितलं. निरांजन, पैठणी, काठ फाटला म्हणाले तेसुद्धा. सांगताना कुठेतरी रडले असेन, कारण त्या सूनबाईंनी मला पाण्याची बाटली दिली. फोन सगळे खाली गेले होते. काठीवाल्या काकांनी काठी सुनेच्या हातात दिली.

ऋतुजाने नाक पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, परत एकदा. सगळ्यांनी." आणि सगळे एकदम खाली बसले, काकासुद्धा, एका गुडघ्यावर, कण्हत. उभी होते ती मी एकटी, टोपलीच्या बाहेर.